रेसचे टायरचे नियम बदलले तर काय करायचं : गावाकडच्या सायकलवाल्या पोट्ट्यांसाठी सविस्तर

२६ जानेवारी, शिवजयंती, १५ ऑगस्ट, मंधात एखाद्या गावची जत्रा, आपल्याकडं सायकल रेस म्हटलं की हेच दिवस राहतात. पत्रक व्हॉट्सअपवर येते, त्यात बक्षीस मोठ्या अक्षरात, उद्घाटकाचा फोटो त्याहून मोठा, अन् सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ की 'रेसिंग टायर चालणार नाही' किंवा 'फक्त साधे टायर'. मागच्या वर्षी ही ओळ नव्हती, यंदा आली. आता रेसिंग टायर म्हणजे नेमकं काय? बारीक? गुळगुळीत? बाहेरच्या कंपनीचं? पत्रक काढणाऱ्यालाही विचारलं तर तो म्हणते, "अरे ते पातळवाले नको, बाकी चालते." अन् मग स्टार्ट लाइनवर सकाळी सात वाजता भांडण.

तर हा लेख त्यासाठी आहे. टायरचा नियम वाचायचा कसा, आपलं टायर मोजायचं कसं, नियम बदलला तर कुठं पैसे घालायचे अन् कुठं नाही घालायचे, हे सगळं. शेवटी रेस भरवणाऱ्यांसाठीही थोडं आहे, कारण माझ्या मते अर्धा गोंधळ तिकडूनच सुरू होते.

आधी हे समजून घ्या की टायरचा नियम असते कशाला

दोन कारणं राहतात, बस. एक म्हणजे जीव, दुसरं म्हणजे खिसा.

जिवाचं कारण सरळ आहे, टायर रिंगमधून सुटलं की माणूस रस्त्यावर. खिशाचं कारण असं की एका पोट्ट्याकडं बापाची काळी सायकल आहे अन् दुसऱ्याकडं नागपूरहून आणलेली कार्बनची, दोघांना एका लायनीत उभं केलं तर ती रेस पायाची राहत नाही. म्हणून गट पाडतात, साधी सायकल वेगळी, गिअरवाली वेगळी, अन् मग साध्या गटात कोणी चोरून भारी टायर टाकू नये म्हणून टायरवर नियम. मोठमोठ्या गाड्यांच्या रेसमध्येही हेच चालते, फॉर्म्युला वन कार रेसमध्ये २०११ पासून सगळ्यांना पिरेली या एकाच कंपनीचं टायर आहे.

नियम हाती आला की पहिले ठरवा की हा जिवाचा नियम आहे की खिशाचा. जिवाचा असेल तर त्यात पळवाट शोधायची नाही. खिशाचा असेल तर तो नीट वाचायचा, अक्षरशः मोजून, कारण तिथं एक-दोन मिलिमीटरवरून माणूस बाद होते.

वरच्या पातळीवर काय काय बदललं

हे थोडं माहीत पाहिजे, कारण खालचे नियम वरूनच उतरत येतात, फक्त पाच-सात वर्षं उशिरा.

एकेकाळी टूर द फ्रान्सवाले खांद्यावर आडवे-तिडवे टायर गुंडाळून जायचे, फोटो पाहिले असतील. ते फॅशन म्हणून नाही, बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियमच होता. १९१३ मध्ये यूजेन क्रिस्तोफ नावाच्या रेसरचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, तुटला, त्यानं पायी उतरून एका गावातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतः तो जोडला, तरी त्याला दंड झाला, कारण भाता एका पोरानं हलवला होता. तेव्हाचे नियम असे कडक. आता मागं गाडी चालते, चाक बदलून देतात.

दुसरा बदल जाडीचा. पूर्वी २३ मिमीचं टायर अन् त्यात ११०-१२० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा, दगडासारखं टणक, हाच फास्ट असा सगळ्यांचा विश्वास. आता वरचे रेसर २८ अन् ३० सर्रास वापरतात, कोणी ३२ पण. कारण खराब रस्त्यावर टणक टायर उड्या मारते, प्रत्येक उडीत ताकद वाया जाते, जाड टायर कमी हवेत रस्ता गिळून घेते. आपल्याकडं अजूनही कित्येक जण पातळ म्हणजे फास्ट असंच धरून बसले आहेत. ते खोटं आहे, विशेषतः आपल्या रस्त्यांवर.

तिसरा बदल रिंगचा. हुकलेस नावाची रिंग आली, म्हणजे रिंगच्या काठाला आतून जो टायर धरून ठेवणारा ओठ राहते तो नाही, काठ सरळ. त्यात ट्यूबलेसच्या अन् हुकलेसला चालते असं लिहिलेल्या टायरशिवाय दुसरं टाकायचं नाही अन् हवा ५ बारच्या, म्हणजे साडेबहात्तर पीएसआयच्या वर न्यायची नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर या मोठ्या रेसमध्ये थॉमस डी गेंट नावाचा रेसर पडला, त्याचं टायर रिंगवरून सुटलं होतं, त्यानंतर यावर जगभर बोंबाबोंब झाली. आता टायरचं माप ठरवणारी जी युरोपातली संस्था आहे, ईटीआरटीओ, तिच्या नव्या मापाप्रमाणे आतून २३ मिमी रुंद हुकलेस रिंगला कमीत कमी २८ चं टायर अन् २५ मिमी रुंद रिंगला कमीत कमी २९ चं पाहिजे. एका मिलिमीटरचा फरक दिसते, पण तोच महत्त्वाचा. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना हुकवालीच रिंग आहे, घाबरायचं कारण नाही, पण सेकंडहँड कार्बनची चाकं घेणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा.

अन् यूसीआय, म्हणजे सायकलिंगची जागतिक संघटना, तिचा रोड रेसचा मूळ नियम काय आहे माहिती का? टायरच्या जाडीवर सरळ बंधन नाहीच. चाकाचा व्यास टायर धरून कमीत कमी ५५ सेंटिमीटर अन् जास्तीत जास्त ७० सेंटिमीटर, एवढंच. बाकी वस्तू बाजारात कोणालाही मिळणारी असावी, घोळक्याच्या रेसमध्ये चाकाला कमीत कमी १२ तारा असाव्यात वगैरे. जाडीचं बंधन सायक्लोक्रॉसला, म्हणजे चिखल-मातीतल्या रेसला आहे, तिथं ३३ मिमीच्या वर नाही. म्हणजे कोणी तुम्हाला म्हणलं की "यूसीआयमध्ये २५ च्या वर चालत नाही", तर तो फेकून राहिला.

पायरी पहिली : टायरच्या कडेवरचे आकडे वाचा

सायकल उलटी करा, टायर ओल्या फडक्यानं पुसा, अन् कडेवर छापलेलं पाहा. तिथं दोन-तीन तऱ्हेचे आकडे राहतात. '७०० × २५ सी', '२६ × १.९५', '२८ × १ १/२' हे जुन्या पद्धतीचे, यांच्यावर भरवसा ठेवायचा नाही. खरा आकडा तो आडव्या रेघेचा, २५-६२२, ५०-५५९ असा. पहिला आकडा टायरची जाडी, दुसरा रिंगवर टायर बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

हे काऊन महत्त्वाचं? कारण २६ म्हटलेली दोन टायरं एकमेकांच्या रिंगवर बसत नाहीत. २६ × १.९५ हे ५५९ चं, डोंगरी सायकलचं, अन् २६ × १ ३/८ हे ५९० चं. दुकानदारानं '२६ चं द्या' ऐकलं की जे समोर लटकलं ते देते. रोड सायकल ७०० ची म्हणजे ६२२. आपली काळी मोठी सायकल २८ × १ १/२ म्हणजे ६३५. ६२२ चं रेसिंग टायर ६३५ च्या रिंगवर कोणत्याही जोरानं चढणार नाही, अन् उलटं केलं तर सैल राहून सुटेल. दुकानात जाताना दुसरा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढूनच न्या.

आता गंमत पाहा. व्यास काढायचा हिशोब सोपा आहे, दुसऱ्या आकड्यात पहिल्याची दुप्पट मिळवा. काळी सायकल, ६३५ अन् टायर ४० चं, म्हणजे ६३५ अधिक ८०, ७१५ मिमी. यूसीआयची मर्यादा ७००. म्हणजे ज्या सायकलवर आपल्या आज्यानं पाटबंधाऱ्यापर्यंत डबा नेला ती जागतिक नियमात बाद! तसंच २९ ची डोंगरी सायकल, ६२२ अधिक दोनदा ५४, ७३० झाले, तीही रोडच्या नियमात बसत नाही. २७.५ × २.१ वाली ५८४ अधिक १०८, ६९२, ती कशीबशी बसते. अन् ६२२ च्या रिंगवर जास्तीत जास्त ३९ मिमीचं टायर चालू शकते. गावच्या रेसला हे कोणी मोजणार नाही, पण उद्या जिल्ह्याच्या वर, राज्याच्या निवडीला गेले तर तिथला पंच मोजू शकते.

पायरी दुसरी : छापलेलं अन् खरं, यातला फरक मोजा

टायरवर २८ छापलं म्हणून ते २८ च भरते असं नाही. रिंग आतून रुंद असली की टायर पसरते. आतून २१ मिमीच्या रिंगवर २८ चं टायर २९-३० भरणं अगदी नेहमीचं आहे, अन् तेच अरुंद जुन्या रिंगवर २७ भरेल. शिवाय नवं टायर हवा भरून दोन-चार दिवस चाललं की थोडं अजून फुगते.

म्हणून व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचा चिमटा, घ्या. नसेल तर आयटीआयवाल्या कोणाकडं तरी राहतेच, किंवा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं, लेथवाल्याकडं. रेसला जेवढी हवा ठेवणार तेवढी भरा, एक रात्र ठेवा, मग तीन-चार जागी जाडी मोजा, सगळ्यात मोठा आकडा धरा. मग आयोजकाला एकच प्रश्न विचारा, तुम्ही छापलेला आकडा धरणार की मोजलेला? हा प्रश्न आठ दिवस आधी विचारा अन् मेसेजवर विचारा, म्हणजे उत्तर लिहिलेलं राहते. तोंडी उत्तराचा स्टार्ट लाइनवर काही उपयोग होत नाही.

त्याच वेळेस सायकलची जागाही मोजून घ्या. फोर्कच्या वर, मागं ब्रेकच्या खाली, दोन्ही बाजूनं, टायर अन् सायकलमध्ये निदान चार मिमी मोकळी पाहिजेत. पावसाळ्यात तर मी म्हणेन जास्तच, कारण आपली काळी माती एकदा टायरला धरली की सोडत नाही, ट्रॅक्टरनं वावरातून रस्त्यावर आणलेला चिखल दोन किलोमीटरमध्ये ब्रेकमध्ये ठासून भरते अन् चाक फिरणंच बंद. नियमात २८ ला परवानगी आली म्हणून जुन्या रिंग ब्रेकवाल्या (ब्रेकचं रबर रिंगलाच घासते त्या) सायकलमध्ये २८ कोंबू नका, बऱ्याच ठिकाणी २५ च मावते. मावत नसेल तर २५ वरच राहा, काही बिघडत नाही.

गिअरवर बंधन असलेल्या गटासाठी एक भानगड

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. लहान वयाच्या गटात पूर्वी गिअरवर मर्यादा राहायची, पायडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल किती पुढं जाते ते टेपनं मोजायचे. ज्युनिअरला ७.९३ मीटर होती. यूसीआयनं ती १ जानेवारी २०२३ पासून काढून टाकली, पण त्याहून लहान गटांना कुठं कुठं अजूनही लावतात. अन् इथं टायर मधात येते. ५२ दातांची पुढची चकती अन् १४ ची मागची, २५ च्या टायरवर घेर साधारण २.१०५ मीटर, म्हणजे एका फेरीत ७.८२ मीटर. तीच सायकल, तेच गिअर, टायर फक्त २८ चं केलं तर घेर २.१३६, अन् झाले ७.९३. काठावर! थोडं टायर फुगलं की बाद. तर अशी मर्यादा असलेल्या रेसला टायर बदललं की गिअर पुन्हा मोजायचाच. जमिनीवर खडूची रेघ मारा, पायडल एकदम खाली ठेवून उलटं, म्हणजे मागं, एक पूर्ण फेरी सायकल सरकवा, दुसरी रेघ मारा, टेप लावा. पाच मिनिटाचं काम आहे.

पायरी तिसरी : आता टायर घ्या, पण गटाप्रमाणं

साधी सायकल गट असेल अन् नियमात जाडीची खालची हद्द असेल (समजा ३२ च्या खाली नाही), तर खोबणीवालं खडबडीत टायर काढून त्याच जाडीचं गुळगुळीत टायर टाका, जर नियमात खोबणीबद्दल काही लिहिलं नसेल तर. डांबरी रस्त्यावर गुट्ट्यावाल्या टायरसारखी ताकद खाणारी दुसरी वस्तू नाही, घूं-घूं आवाज येते ना, ती तुमची मेहनत आहे. राल्सनसारख्या आपल्या कंपन्यांचं साधं टायर या गटाला पुरते. साध्या गटासाठी भारी इम्पोर्टेड टायर घेणं म्हणजे खिशाच्या नियमाला खिशानंच हरवायला जाणं, अन् पुढच्या वर्षी नियम अजून एक ओळ वाढवून येतो.

गिअरवाल्या खुल्या गटाला मात्र टायरवर पैसे घालणं फायद्याचं आहे, सायकलमधल्या इतर कोणत्याही वस्तूपेक्षा जास्त. चाकं, हँडल, कपडे, सगळं नंतर. दोन चांगली टायरं, २८ ची जागा असेल तर २८ ची, कॉन्टिनेन्टल, श्वाल्बे, विट्टोरिया, जे मिळेल ते, पण वर्षभर उन्हात दुकानाच्या दारात लटकलेलं नको, त्याच्या कडेला बारीक चिरा पडलेल्या राहतात, बोटानं दाबून पाहा.

ट्यूबलेस घ्यायचं का? ज्याचा सराव धुऱ्याच्या बाजूनं जाणाऱ्या रस्त्यावर आहे, जिथं कुंपणासाठी बाभळीच्या काट्या बैलगाडीवर वाहतात अन् निम्म्या रस्त्यावर सांडतात, त्याला ट्यूबलेसचा खरंच फायदा आहे, सराट्याचं छिद्र तर आतलं औषध, म्हणजे सीलंट, बसल्या जागी बुजवते. पण तीन गोष्टी. रिंगवर ट्यूबलेस चालते असं लिहिलेलं पाहिजे, साध्या रिंगला टेप चिकटवून जुगाड करायचा नाही, हा वरचा जिवाचाच नियम. दुसरं, आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळते, एप्रिल-मेमध्ये महिन्याला एकदा उघडून पाहा, नाहीतर आत फक्त रबराची खपली सापडेल. अन् तिसरं, रस्त्यात मोठा काप बसला तर ट्यूब जवळ लागतेच. ज्याला एवढं झंझट नको त्यानं चांगलं टायर अन् साधी ब्यूटाइलची, म्हणजे नेहमीची काळ्या रबराची ट्यूब वापरावी, जिल्हा पातळीला त्यानं काही कमी पडत नाही.

टीपीयूच्या, म्हणजे एका तऱ्हेच्या लवचिक प्लॅस्टिकच्या, नाजूक रंगीत ट्यूब आल्या आहेत, वजनाला साध्या ट्यूबच्या निम्म्याहून कमी. चांगल्या आहेत, पण परतवाड्यावरून चिखलदरा चढून परत उतरणार असाल अन् रिंग ब्रेक असेल तर डब्यावर रिंग ब्रेकला चालते असं लिहिलंय का ते आधी वाचा, सततच्या ब्रेकनं रिंग भयंकर तापते.

पायरी चौथी : टायर बसवणं

दुकानात पोरगं पटकन बसवून देते, तरी स्वतः शिका, कारण रेसमध्ये दुकान नाही. जुनं टायर काढलं की आधी रिंगच्या आतली पट्टी पाहा, तारेच्या डोक्यावरची पट्टी सरकली असेल तर ट्यूब आतून फाटते अन् लोक काटा शोधत बसतात. मग टायरच्या आत बोट सावकाश फिरवा, फडका गुंडाळून फिरवा म्हणजे बोट कापणार नाही. हायवेवर ट्रकची फुटलेली टायरं पडलेली राहतात, त्यातली बारीक पोलादी तार आत रुतून राहते, डोळ्यानं दिसत नाही अन् नवीन ट्यूब दहा मिनिटात पुन्हा पंक्चर.

टायरवर फिरायची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पुढच्या बाजूनं. टायरचं नाव नेमकं वॉलपाशी (हवा भरायच्या नळीपाशी) येईल असं बसवा, दिसायला बरं म्हणून नाही, तर पंक्चर ट्यूबमध्ये सापडलं की टायरमध्ये ती जागा कुठं आहे ते लगेच कळते. ट्यूबला थोडी पावडर लावा, दोन फुंका मारून गोल होईल इतपत फुगवा, वॉल भोकात घाला, एक कड बसवा, मग ट्यूब आत, मग दुसरी कड वॉलच्या बरोबर उलट बाजूनं सुरू करून वॉलपाशी संपवा. शेवटचा वीतभर भाग अवघड जाते, तिथं टायर काढायच्या पट्टीनं जोर लावला की ट्यूब चिमटते. त्यापेक्षा आधी बसवलेली बाजू मुठीनं दाबून रिंगच्या मधल्या खोलगट भागात ढकला, ढील मिळते, अंगठ्यानं चढते. थोडी हवा भरा, दोन्ही बाजूंनी टायरची कड रिंगला समांतर गोल दिसते का पाहा, मग पूर्ण हवा.

नवीन टायर थेट रेसला नको. त्यावर साच्यातला गुळगुळीतपणा राहते, वळणावर घसरते, पंचवीस-तीस किलोमीटर तरी चालवून घ्या.

पायरी पाचवी : हवा, अन् आपलं ऊन

वॉलबद्दल आधी. आपल्या साध्या सायकलच्या वॉलमध्ये आत रबराची नळी राहते, त्यावर पंपाचा मीटर खरं दाब दाखवत नाही. रेसिंग ट्यूबचा बारीक वॉल (प्रेस्टा) किंवा मोटरसायकलसारखा वॉल असेल तरच मीटरवर भरवसा. अन् चौकातल्या ट्रकच्या कंप्रेसरनं बारीक टायरात हवा मारायची नाही, एका झटक्यात फुटते.

साठ किलोच्या पोट्ट्यानं सुरुवात अशी करावी, ट्यूबवालं २५ चं टायर असेल तर ८० ते ८५ पीएसआय, २८ ला ६५ ते ७०, ३२ ला ५० ते ५५. पुढच्या चाकात दोन-तीन कमी. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, रस्ता खड्ड्याचा असेल तर फार कमी करू नका नाहीतर ट्यूब रिंगमध्ये चेपून साप चावल्यासारखी दोन छिद्रं पडतात. टायरवर लिहिलेला जास्तीत जास्तचा आकडा ही हद्द आहे, तिथपर्यंत भरायलाच पाहिजे असं नाही. हेच लोकांना समजत नाही.

आता ऊन. सकाळी २८ अंशाला ७० भरली अन् दुपारी रस्त्यावर टायरातली हवा ५० अंशापर्यंत गेली तर तीच ७६ च्या आसपास होते, ९० भरली असेल तर ९७-९८. साध्या हुकवाल्या रिंगला यात मोठं संकट नाही, पण हुकलेसवाल्यानं ७० भरली असेल तर तो ७२.५ ची हद्द बसल्या बसल्या ओलांडते. सायकल कारच्या काचेमागं किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवून चहाला जाऊ नका. उलट जानेवारीत रात्री घरात २४ अंशाला ७० भरली अन् सकाळी दहा अंशाच्या थंडीत लायनीत उभं राहिलं तर ६६ च राहतात. म्हणून हवा नेहमी स्टार्टच्या जागी, सावलीत, निघायच्या अर्धा तास आधी.

रस्ता पाहूनही बदला. अमरावती-अकोला हायवेवर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटात ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीजमध्ये नाव गेलं, तसा नवा डांबरी रस्ता असेल तर दोन-तीन पीएसआय जास्त चालते, पण कडेच्या पट्टीवर जायचं नाही, गिट्टी अन् तारा तिथंच जमा राहतात. सिमेंटच्या रस्त्यावर सांध्यांचे धक्के बसतात, तिथं कमी हवा बरी. (समृद्धीवर सायकल न्यायची नाही, तिथं दुचाकीलाच बंदी आहे, तरी दरवेळी कोणीतरी विचारते.) ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं राहते, मागं कुटार उरते, त्यावर वळण घेताना ब्रेक मारला की कोणतंही टायर वाचवत नाही.

पंक्चर झालं तर, नियमात काय बसते

हा नियम पत्रकात कधीच नसते अन् दरवेळी भांडण याच्यावरच. मोठ्या रोड रेसमध्ये साधारण असं की चाक आपल्या टीमकडून, टीममधल्या सोबत्याकडून किंवा सगळ्यांसाठी असलेल्या न्यूट्रल गाडीकडून घेता येते, अन् मदत घ्यायची ती घोळक्याच्या मागं जाऊन, थांबून. गावच्या रेसला गाडी नसते, मागं मोटरसायकलवर काका चाक घेऊन येतात, ते चालते का? आधीच विचारा. परवानगी नसेल तर सीटखाली एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, अन् छोटा पंप किंवा १६ ग्रॅमचं सीओटूचं (कार्बन डायऑक्साइड गॅसचं) नळकांडं. सीओटू ट्यूबमधून लवकर निघून जाते, घरी आल्यावर ती सोडून साधी हवा भरा. अन् बदली चाक आणलंच तर त्याचं टायरही नियमात बसणारं पाहिजे, साध्या गटात ३२ ची हद्द असताना मधात २५ चं चाक लावून जिंकला तर हरकत घेणारा बरोबर आहे.

नियम आयत्या वेळी बदलला तर

होतेच हे. आठवडा आधी नवी ओळ येते. तेव्हा लगेच टायर विकत घेऊ नका. आयोजकाला नम्रपणे लिहा, "भाऊ, माझं टायर अमुक आकड्याचं आहे, मोजून एवढं भरते, चालेल का?" अन् सोबत कडेवरच्या आकड्याचा फोटो जोडा. दहातल्या नऊ वेळा त्यांच्या डोक्यात जे असते ते तुमच्या टायरला लागूच होत नाही. उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दोन-तीन खेळाडूंना सोबत घेऊन विचारा. जुनं टायर काढलं म्हणून फेकू नका, गोल करून, घडी न घालता, अंधाऱ्या कोरड्या जागी टांगून ठेवा, चुलीजवळ अन् युरियाच्या पोत्यावर नको. नियम दोन वर्षात परत फिरतात.

रेस भरवणाऱ्या मंडळींसाठी

भाऊ, ताई, सरपंच साहेब, 'रेसिंग टायर चालणार नाही' हे वाक्य बंद करा. त्यापेक्षा एवढं लिहा :

'साधी सायकल गट : एकाच गिअरची सायकल. दोन्ही टायरांच्या कडेवर छापलेला जाडीचा आकडा ३२ मिमी किंवा त्याहून जास्त पाहिजे. छापलेला आकडा पुसला असेल तर व्हर्नियरनं मोजलेली जाडी ग्राह्य धरू. टायर गुळगुळीत चालेल. खुला गट : टायरच्या जाडीवर बंधन नाही. दोन्ही गट : तार दिसणारं, कडेला फाटलेलं किंवा शिवलेलं टायर असलेली सायकल सोडणार नाही. रेसमध्ये चाक बदलता येईल, पण तेही याच नियमात बसणारं.'

३२ च्या जागी तुमच्या भागात जे टायर सहज मिळते तो आकडा टाका, तालुक्याच्या दोन दुकानांत जाऊन काय लटकलंय ते पाहून ठरवा. अन् हा नियम महिनाभर आधी काढा, कारण ज्या पोट्ट्याला टायर घ्यायला कापूस विकायची वाट पाहावी लागते त्याला आठ दिवस पुरत नाहीत. तपासणीला रेसच्या सकाळी नाही, आदल्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात बसा, एक टेबल, एक व्हर्नियर, एक वही. ज्याचं बसत नाही त्याला रात्रभर वेळ मिळते, कोणाकडून तरी चाक मागून आणते. ज्याचं बसते त्याच्या सीटखालच्या नळीला रंगीत चिकटपट्टी लावा अन् नंबरासमोर टायरचा आकडा वहीत लिहा. बक्षिसातल्या पहिल्या तिघांच्या सायकली शेवटी पुन्हा त्याच वहीशी ताडून पाहा, मगच नाव पुकारा.